अर्धा गुंठा : रब्बी ज्वारीच्या कापणीच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

शेतकरी गटाच्या बैठकीत काम ठरलं. खटाव तालुक्यातलं गाव, शिवार बहुतेक जिरायत, रब्बीला ज्वारी. गटाला एवढंच हवंय : यंदा गावात ज्वारीचा एकरी सरासरी उतारा किती पडला? विम्यासाठी महसूल मंडळात (काही गावं मिळून एक मंडळ) पीक कापणी प्रयोग होतात, म्हणजे रानातला ठरलेल्या मापाचा तुकडा कापून, मळून, वजन करून उतारा काढतात. त्यातून जो आकडा येतो त्यावर दरवर्षी पारावर भांडणं. एकाला तो फार वाटतो, दुसऱ्याला फार कमी. आपलं आपण एकदा मोजून बघावं, असं आबांचं म्हणणं. आबा गटाचे अध्यक्ष.

मला यात आणखी एक प्रश्न घालायचा आहे : मोठ्या तुकड्याऐवजी लहान चौकट टाकून कापलं, तर उतारा तोच येतो का? माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलांना कापणीचं काम कमी पडावं म्हणून कुणीतरी हे सुचवणारच, म्हणून आधीच तपासलेलं बरं.

आबा म्हणाले, “बाई, दोन-चार चांगली रानं बघा, कापा, झालं की. शितावरून भाताची परीक्षा.”

एका भांड्यातला, एका जाळावरचा भात एकसारखा शिजतो. शिवारात मळीची जमीन वेगळी, माळाची वेगळी, विहिरीखालची वेगळी. आबांना तसं सांगितलं. पटलं की नाही कळलं नाही, पण “चांगली रानं” हे शब्द ठरावातून काढायला ते तयार झाले.

८ जानेवारी

यादी. निवड करायची तर कशातून करायची, याचा कागद आधी लागतो. ई-पीक पाहणीत (शेतकऱ्यानं मोबाइलवरून करायची पिकाची सरकारी नोंद) ज्वारी नोंदवलेल्या गट नंबरांची यादी मिळाली. मुलांना ती पाहून हायसं वाटलं. मी त्यांना विचारलं, यात कोण नाही?

तासाभरात फळा भरला. ज्याच्याकडे चांगला मोबाइल नाही तो. ज्यांचं रान बटईनं दुसरा करतो आणि नोंद कुणी करायची यावर दोघांचं एकमत नाही ते. गलाईच्या धंद्यात परराज्यात असलेले. आमच्या भागातली कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गाळणीच्या कामावर देशभर विखुरलेली आहेत आणि रान चुलत्याच्या भरवशावर. ज्यांनी करडईचे पट्टे घालून ज्वारी घेतली आणि नोंद एकाच पिकाची केली ते.

म्हणजे यादीबाहेर राहिलेली रानं कशीही विखुरलेली नाहीत, ती एका प्रकारची आहेत. मालक हजर नाही तिथं खुरपणी उशिरा, राखण कमी. यादीतल्या रानांतून कितीही काटेकोर निवड केली तरी ही बाजू मोजणीत येणारच नाही.

इथं मुलांना अमेरिकेतली १९३६ ची गोष्ट सांगितली. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना टपालानं मतपत्रिका धाडल्या. पत्ते कुठून घेतले? टेलिफोनच्या याद्या, मोटारमालकांच्या याद्या. सन मंदीचं. २० लाखांहून जास्त उत्तरं परत आली आणि त्यांवरून रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन सहज जिंकणार असं छापून आलं. रूझवेल्टना सुमारे ६१ टक्के मतं पडली. त्याच वेळी मतचाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला होता. टेलिफोनवाला अमेरिकन वेगळा आणि बिनटेलिफोनचा वेगळा, हा एक भाग. टपाल परत पाठवण्याची तसदी घेणारा माणूस न घेणाऱ्यापेक्षा वेगळा, हा दुसरा. २० लाखांनी यातलं काहीच भरून निघालं नाही.

निर्णय : शिवारफेरी. मुलांनी वाड्या वाटून घेतल्या. उभी ज्वारी दिसेल ते प्रत्येक रान यादीत, नोंद असो वा नसो.

१३ जानेवारी

यादी पुरी झाली. आता निवड. गट नंबरांच्या चिठ्ठ्या करून उचलायच्या, असं मुलांच्या मनात. पण चिठ्ठीत आठ गुंठ्यांचं रान आणि सव्वादोन एकरांचं रान सारखंच. आपल्याला हवा आहे गावच्या सगळ्या ज्वारीचा एकरी उतारा. लहान रानं घराजवळची आणि शेणखत भरपूर मिळालेली असली, तर प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिल्यावर सरासरी त्यांच्याकडे ओढली जाणार.

म्हणून क्षेत्राच्या प्रमाणात संधी. रीत सोपी आहे. यादीत प्रत्येक रानापुढे गुंठे लिहायचे आणि बेरीज पुढे ओढत न्यायची. पहिलं रान २० गुंठे, त्याला १ ते २० आकडे. दुसरं ८५ गुंठे, त्याला २१ ते १०५. तिसरं ८ गुंठे, त्याला १०६ ते ११३. असं शेवटपर्यंत. मग एकूण बेरजेच्या आतला आकडा मोबाइलवर काढायचा. ९७ आला तर दुसरं रान. रान जेवढं मोठं, तेवढे आकडे त्याच्या वाट्याला. अशी निवड केली की शेवटी रानांच्या एकरी उताऱ्यांची साधी सरासरी चालते, वेगळं वजन द्यावं लागत नाही.

आकडे गटाच्या चार माणसांसमोर काढले आणि कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पुन्हा काढायचे नाहीत. दोन रानं “अगदीच गेलेली” निघाली तेव्हा गटातल्या तात्यांचा चेहरा पडला, पण सही झालेली होती.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. फक्त एक गोष्ट सुचली ती लिहून ठेवते : निवडलेली रानं कोणती हे मालकांना आत्ता सांगायचं नाही. हुरड्याचे दिवस आहेत. आपलं रान मोजलं जाणार हे कळलं की कुणी पाहुण्यांना हुरडा शेजारच्या रानातला खाऊ घालेल, कुणी एक पाणी जास्त देईल, कुणी पाखरं राखायला माणूस बसवेल. मग आपण मोजू ते गावातलं पीक नसेल, मोजणी होणार हे ठाऊक असलेलं पीक असेल. याद्या माझ्याकडे कुलपात. कापणीच्या आदल्या संध्याकाळी निरोप, आणि रानातली जागा त्याच सकाळी ठरणार.

२० जानेवारी

किती रानं पुरतील? मुलांतल्या एकाचा आग्रह : गावाच्या १० टक्के तरी हवीत. असं काही नसतं. नमुना किती नेमका हे त्यात किती रानं आली आणि रानारानांत फरक किती यावर ठरतं. गाव ५०० एकरांचं की ५,००० एकरांचं यानं जवळजवळ काही बदलत नाही. देशभरातल्या मतचाचणीत १,००० माणसं योग्य रीतीनं निवडली तर टक्केवारीत कमी-जास्त ३ टक्क्यांची चूक धरतात. सातारा जिल्ह्यापुरती तेवढीच अचूकता हवी असेल, तरी १,०००च लागतात.

आमचं गणित असं. रानारानांतला फरक सरासरीच्या ३० टक्के धरला. हा अंदाज आहे, कापणीनंतर तपासायचा. २५ रानं घेतली तर सरासरीतली चूक ३० भागिले २५ चं वर्गमूळ, म्हणजे ६ टक्के. शंभरातल्या ९५ वेळा खरी सरासरी १२ टक्के इकडेतिकडे सापडेल. ती चूक निम्मी करायची तर ५० नाहीत, १०० रानं कापावी लागतील. इथं मुलांनी मान टाकली.

पैसे, माणसं आणि मळणी यंत्र मिळायचे दिवस बघून २४ ठरली.

मग हेच गणित विम्याच्या प्रयोगांना लावून बघितलं. पीक विम्याच्या नियमात मुख्य पिकाला मंडळात किमान १० प्रयोग. फरक तोच ३० टक्के धरला, तर सरासरी सुमारे २० टक्के इकडेतिकडे होऊ शकते. उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याखाली उतारा गेला की भरपाई लागू होते तो आकडा, काढतात मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तरानं (सरासरीच्या किती टक्क्यांची हमी विमा घेतो ते) गुणून. खरं उत्पन्न त्या उंबरठ्याखाली १० टक्क्यांनी गेलं असलं, तरी १० रानांची सरासरी उंबरठ्यावर दिसू शकते. कुणी लबाडी न करता. तसंच उलट, खरं नुकसान नसताना भरपाई लागू होऊ शकते. पारावरच्या भांडणातला मोठा वाटा इथलाच असावा असा माझा कयास, पण पारावर वर्गमूळ सांगायला जायची हिंमत अजून झालेली नाही.

२७ जानेवारी

काल झेंडावंदनानंतर मुलांना घेऊन बसले होते. पां. वा. सुखात्मे हे नाव कुणीच ऐकलेलं नव्हतं. आपल्याच तालुक्यातल्या बुध गावचे. जन्म १९११. फर्ग्युसनला शिकले, पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॉक्टरेट केली, जिथं तेव्हा नेमन आणि पीअर्सन नमुना निवडीचा आणि परीक्षणाचा पाया घालत होते. परत येऊन कृषी संशोधन परिषदेत गेले आणि देशातल्या पीक कापणीची पद्धत बसवली. नंतर रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख. आज तलाठी आणि कृषी सहायक रानात जी दोरी धरतात तिचं एक टोक बुधला आहे, असं म्हटलं तर फार होणार नाही.

त्याआधी काय होतं? आणेवारी. अधिकारी घोड्यावरून किंवा बांधावरून बघायचा आणि पीक इतके आणे म्हणायचा. सोळा आणे म्हणजे नेहमीचं पीक, आणि ‘नेहमीचं’ म्हणजे काय हे बघणाऱ्याच्या मनात. पैसेवारी आल्यावर आण्यांचे पैसे झाले, ५० पैशांची रेघ आली. १९२०च्या दशकात हबॅक नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्यानं बिहार-ओरिसात भातावर प्रत्यक्ष कापून बघितलं, जागा स्वतः न निवडता. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून तागाच्या मोठ्या पाहण्या केल्या.

आणि मग महालनोबिस आणि सुखात्मे यांचं प्रसिद्ध भांडण. महालनोबिस यांचा भर लहान तुकड्यांवर आणि आपल्या तयार केलेल्या फिरत्या माणसांवर. तुकडे लहान, म्हणून पुष्कळ ठिकाणी कापता येतात. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांचा भर मोठ्या तुकड्यावर आणि गावात आधीच असलेल्या महसूल-कृषी खात्याच्या माणसांवर. सुखात्मे यांनी मुरादाबादकडे गव्हावर वेगवेगळ्या आकाराचे तुकडे कापून दाखवलं की तुकडा जितका लहान, तितका उतारा फुगतो. १९४६ साली ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. महालनोबिस यांच्या बाजूलाही मुद्दा होता : शिकवलेला, तपासलेला माणूस असेल तर फुगवटा आवरता येतो, आणि खात्याचा माणूस तर दहा कामांतला एक. मी सुखात्म्यांच्या बाजूची. गाववाली म्हणून नव्हे. आमच्याकडे शिकवलेली माणसं नाहीत, म्हणून.

२ फेब्रुवारी

सराव. दोरी, खुंट्या, टेप, दोन चौकटी. मोठा तुकडा १० मीटर बाय ५ मीटर, म्हणजे ५० चौरस मीटर, जवळजवळ अर्धा गुंठा. सरकारी प्रयोगातही ज्वारीला हाच. लहान चौकट १ मीटर बाय १ मीटर, लोखंडी सळईची.

मुलांना आधी कागदावर करून दाखवलं. समजा दोरी चारी बाजूंनी फक्त ५ सेंटिमीटर बाहेर गेली. मोठा तुकडा झाला १०.१ बाय ५.१, म्हणजे ५१.५१. चूक ३ टक्के. लहान झाला १.१ बाय १.१, म्हणजे १.२१. चूक २१ टक्के. हात तोच, चूक तीच, पण लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानानं कड फार.

मग रानात. पाभरीनं पेरलेली, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर. १ मीटर रुंदीत हिशेबानं २.२ ओळी बसतात. पण ओळ काही फाटत नाही. चौकटीत दोन येतात नाही तर तीन. मुलांनी चौकट टाकली आणि ती जिथं पडली तिथून एकानं पायानं किंचित सरकवली, नकळत. तीन ओळी आत. त्याला विचारलं तर म्हणाला, “नीट बसवली, मॅडम.” दोन ओळींची चौकट त्याला रिकामी वाटली. दर वेळी तीन ओळी घेतल्या तर ओळींच्या हिशेबानं उतारा ३५ टक्के फुगला. ५ मीटरच्या रुंदीत ११.१ ओळी; तिथं हट्टानं १२ घेतल्या तरी ८ टक्के.

कडेचं ताट आत धरायचं की बाहेर, यावर दोन पोरं अर्धा तास भांडली. चांगलं मोठं कणीस असलं की ते आतच असतं, किडकं असलं की बाहेर. एका कणसातून ५० ग्रॅम दाणे निघाले असं धरलं, तर लहान चौकटीत ते एक कणीस एकरी २ क्विंटल हलवतं. मोठ्या तुकड्यात एकरी ४ किलो.

नियम लिहून काढला : बुंधा दोरीच्या आत तर आत, बाहेर तर बाहेर. बुंधा बरोबर दोरीवर असेल तर दक्षिण आणि पश्चिम बाजूची ताटं घ्यायची, उत्तर आणि पूर्वेची सोडायची. कणसाकडे बघायचंच नाही, खाली बघायचं. हा नियम सगळ्यांत जास्त वेळा मोडला जाणार, म्हणून प्रत्येक टोळीत एकाचं काम फक्त बुंधे बघणं.

९ फेब्रुवारी

प्रयोगाची मांडणी. पहिला आराखडा, मुलांनी आणलेला : बारा रानांत मोठा तुकडा, दुसऱ्या बारांत लहान चौकट, मग सरासऱ्यांची तुलना. चालेल, पण रानारानांतला फरकच इतका मोठा की तुकड्याच्या आकाराचा परिणाम त्यात बुडून जाईल. त्यापेक्षा प्रत्येक रानात दोन्ही कापायचं. एक मोठा तुकडा आणि तीन लहान चौकटी, तिन्हींची सरासरी. तुलना रानाच्या आतच. माती, पाणी, वाण, खत सगळं त्या तुलनेपुरतं सारखं. सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतांवर काम करताना जी तीन सूत्रं घालून दिली (पुनरावृत्ती, यादृच्छिक म्हणजे नाण्यावर सोडलेलं वाटप, सारख्या-सारख्यांचे गट करून तुलना) त्यांतलं हे तिसरं.

दुसरं सूत्र कुठं लागतं? जागेला, आणि क्रमाला. सकाळी ताजेपणी आधी मोठा कापला आणि उन्हात दमल्यावर लहान, असं रोज झालं तर आकाराचा परिणाम की थकव्याचा, हे कधीच सुटणार नाही. म्हणून प्रत्येक रानात नाणं उडवायचं : छाप तर मोठा आधी. टोळ्या दोन, कोणती टोळी काय कापणार तेही नाण्यावर.

बाजूची गोष्ट. रस्त्याकडेच्या रानात एका बियाणं कंपनीचा पाटी लावलेला प्रात्यक्षिक प्लॉट आहे. ज्वारी बघायला लोक थांबतात, इतकी देखणी. ती विहिरीच्या पाटाला लागून आहे आणि तिथं गेल्या साली ऊस होता. वाण चांगला असेलही. पण पाणी, बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीवर राहिलेला परिणाम) आणि वाण तिन्ही एकाच पट्ट्यात बांधल्यावर कौतुक कुणाचं करायचं? राहुरी विद्यापीठाचे फुले वसुधा, फुले रेवती हे वाण गावात आहेत, तिथंही तेच : ज्यांच्याकडे पाणी त्यांनीच नवं बी आणलं. आमच्या २४ रानांवरून “नवा वाण इतका जास्त देतो” असं वाक्य अहवालात कुणी घालू नये, हे आजच लिहून ठेवते. आम्ही वाण वाटून दिले नव्हते, शेतकऱ्यांनी आपापल्या ऐपतीनं निवडले.

निकालाचा निकषही आजच ठरवला, कापणीआधी. आकारानं काहीच फरक पडत नसेल, तर प्रत्येक रानात लहान चौकट जास्त दाखवेल की कमी हे नाण्यासारखंच. २४ वेळा नाणं उडवून एकच बाजू १८ किंवा जास्त वेळा पडण्याची शक्यता सुमारे २.३ टक्के. १७ ला ती ६ टक्क्यांवर जाते. म्हणून रेघ १८ वर. नंतर हलवायची नाही.

१५ फेब्रुवारी

कापणी चालू. जागा ठरवण्याची रीत : रानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. समजा रान ८० मीटर लांब, ४० रुंद. लांबीतून तुकड्याचे १० वजा, म्हणजे ० ते ७० मधला एक आकडा. रुंदीतून ५ वजा, ० ते ३५ मधला एक. तेवढं चालायचं, तिथं पहिली खुंटी. खुंटी कुठं बसली याकडे चेहरा न करता बघायला मुलं आता शिकली आहेत.

एका ठिकाणी खुंटी विरळ पट्ट्यात आली. मालक काका चहा घेऊन आले आणि म्हणाले, “तिकडं वर घ्या की, इथं उगवणच झाली नाही.” दुसऱ्या रानात नेमकं उलट : खुंटी दाट पिकात, तर मालक म्हणाले, विम्याला अडचण येईल, खाली घ्या. दोघांनाही तेच सांगितलं, हा आमचा प्रयोग आहे, विम्याशी संबंध नाही, आणि आकडा मोबाइलनं काढलाय. दुसरे काही ऐकेनात. शेवटी आबांनी येऊन सह्यांचा कागद दाखवला.

१९ फेब्रुवारी

दोन रानांचे मालक गाठीच पडत नाहीत. एक घर कुलूपबंद, दुसरे बंगळूरला. टोळीचं म्हणणं, बांधाला बांध लागून तसंच रान आहे, ते कापू. नाही. ज्याचा मालक गावात आहे तेच रान सोयीचं असतं, आणि तोच तर फरक ८ जानेवारीला फळ्यावर लिहिला होता. फोन करत राहिलो. एकाच्या चुलत्यानं परवानगी दिली. बंगळूरवाल्यांनी आधी विचारलं, पैसे किती घेणार. द्यायचे नाहीत आणि घ्यायचे नाहीत हे कळल्यावर म्हणाले, कडबा नेऊ नका म्हणजे झालं.

२४ फेब्रुवारी

कापणी संपत आली, आता विचारणं. गटातल्या सगळ्या ज्वारीवाल्यांना उतारा विचारायचा आणि मोजणीशी ताडून बघायचा.

प्रश्न कसा विचारावा यावरच दोन संध्याकाळी गेल्या. “यंदा ज्वारी कशी आहे?” असं सुरू केलं की समोरचा पाऊस, मजुरी, भाव सगळं सांगतो आणि मग येणारा आकडा त्या गाऱ्हाण्याच्या सुरातला. “एकरी किती क्विंटल?” विचारलं तर गोल आकडे : चार, पाच, सहा. “किती पोती झाली?” विचारलं तर तरुण ५० किलोचं पोतं धरतात, म्हातारी माणसं क्विंटलचं. आणि ठेवणीची, घरी खायची ज्वारी अनेकजण मोजत नाहीत. ती “विकायची नाही” म्हणून पिकातच धरलेली नसते.

म्हणून दोन पत्रकं केली. एकात आधी पोती, पोत्याचं वजन, घरी ठेवलेली वेगळी, बलुत्याची-मजुरीची वेगळी. दुसऱ्यात थेट एकरी क्विंटल. कुणाला कोणतं हे पुन्हा यादृच्छिक. दोन्हींतला फरक म्हणजे प्रश्नाची किंमत.

विचारणारा कोण यानंही फरक पडतो. कृषी सहायकांबरोबर गेलं की आकडा खाली येतो. गावातल्या पोरानं एकट्यानं विचारलं की वर. सोयरीक जमवायला आलेल्यांना काय सांगतात ते विचारायची सोय नाही.

यावरून मुलं एक्झिट पोलवर घसरली. २०२४च्या जूनमध्ये, लोकसभेच्या निकालाआधी, बहुतेकांनी भाजपच्या रालोआला साडेतीनशेच्या पुढे जागा दिल्या, प्रत्यक्षात २९३. म्हणजे नमुना वगैरे सगळं थोतांड? नाही, पण तिथं दोन पायऱ्या आहेत. मतं किती टक्के हा एक अंदाज, त्या टक्क्यांच्या जागा किती होतील हा दुसरा, आणि दुसरा फार निसरडा. महाराष्ट्रातच बघा : लोकसभेला महायुती आणि महाविकास आघाडी दोघांची मतं जवळपास सारखी, जागा १७ आणि ३०, उरलेली एक सांगलीची अपक्ष. टक्केवारी अचूक मोजली असती तरी जागांचा अंदाज कोसळला असता. आणि दाराशी उभं राहून कुणाला मत दिलं विचारल्यावर माणूस काय सांगतो, ते विचारणारा कोण आहे यावरही असतं. पोत्यांसारखंच.

२ मार्च

मळणी झाली, वजनं झाली, पण दाणे सगळे सारखे वाळलेले नाहीत. आधी कापलेल्या रानांचे उन्हात जास्त दिवस होते. ओलावा १८ टक्के असलेले १० किलो दाणे १२ टक्क्यांवर आणले की ९.३२ किलो भरतात. सगळी वजनं १२ टक्क्यांवर आणली. तात्यांना हे कमी करणं आवडलं नाही. “मोजलं तेवढं लिहा.” बाजार समितीत ओल्या मालाची घट धरतात तेव्हा तात्या काय म्हणतात ते मी विचारलं नाही.

७ मार्च

हिशेब. आधी मोठ्या तुकड्यांचा. एक रान रानडुकरांनी लोळवलेलं, उतारा जवळजवळ शून्य. ते वगळा, सगळी सरासरी बिघडवतंय, असा आग्रह. डुकरं या गावातलीच आहेत. ते रान त्यांनी खाल्लेल्या बाकी रानांचंही प्रतिनिधी आहे, म्हणून राहील. हुरड्यात मोडलेली ताटंही तशीच.

रानारानांतला फरक माझ्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त निघाला, डुकरांनी त्यात भर घातली. त्यामुळे सरासरीभोवतीचा कमी-जास्तीचा पट्टाही २० जानेवारीला सांगितला त्यापेक्षा रुंद.

लहान चौकटींनी १८ची रेघ ओलांडली. बहुतेक रानांत चौकटीचा उतारा मोठ्या तुकड्याहून जास्त, आणि नियम, बुंध्यांचा पहारेकरी हे सगळं असूनही. जिथं उलट आलं ती बहुतेक विरळ उगवणीची रानं, जिथं चौकट कधी रिकामीच पडते. एक मुलगा म्हणाला, मग चौकटी तीनच्या जागी तीस टाकू, फुगवटा सरासरीत निघून जाईल. त्याच्याकडूनच फळ्यावर करून घेतलं : प्रत्येक चौकट १० टक्के फुगलेली असेल तर तिसांची सरासरीही १० टक्के फुगलेलीच, फक्त तीवर आपला विश्वास जास्त बसतो.

विचारलेल्या आकड्यांत पोत्यांच्या पत्रकाचा उतारा थेट क्विंटलच्या पत्रकापेक्षा वर, आणि मोजणीच्या जास्त जवळ. घरी ठेवलेली ज्वारी वेगळी विचारल्याचा हा परिणाम असावा. क्विंटलवाले सगळे खाली.

१२ मार्च

गटाच्या बैठकीत आकडा मांडला. मी “इतक्यापासून इतक्यापर्यंत” असं सांगितलं. आबा म्हणाले, “बाई, एकच सांगा. पाटीवर दोन कसे लिहायचे?” पाटीवर दोन आकडे आणि मध्ये आडवी रेघ असं ठरलं, त्याखाली “२४ रानं, १० बाय ५ चे तुकडे, मोबाइलवर आकडे काढून निवडलेली”. तात्यांनी विचारलं, मंडळाचा आकडा आपल्या रेघेच्या आत आला तर? तर आपल्या मोजणीवरून तो चूक म्हणता येत नाही. यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग चहा आला.

खरिपाआधी एक गोष्ट सोडवायची आहे. जागा ठरवण्याच्या आपल्या रीतीत बांधाकडचा पहिला मीटर तेव्हाच तुकड्यात येतो, जेव्हा आकडा नेमका ० निघतो : ८० मीटर लांबीच्या रानात ७१ पैकी एक शक्यता. रानाच्या मधला कोणताही मीटर १० आकड्यांनी येतो. म्हणजे लांबीच्या टोकांकडची कड मध्यापेक्षा दहापट कमी वेळा मोजली जाते, रुंदीच्या बाजूंची पाचपट, आणि कडेला बाभळीची सावली, जनावरांची तोंडं, वाटेवरची माणसं. सरकारी प्रयोगातही हेच होतं. सोयाबीनला प्रत्येक रानात कडेचा एक मीटर रुंद पट्टा वेगळा कापून, वेगळा मळून बघू. त्याला लागणाऱ्या जादा मजुरीचा आकडा आबांकडे दिला आहे.